वेगवेगळ्या डिझाइनच्या कॅटामरान एकत्र रेस करायच्या तर नियम कसे बांधायचे

तुमचा प्रश्न असा की बारा-पंधरा कॅटामरान (दोन हलच्या, म्हणजे शेजारी-शेजारी दोन अंगं असलेल्या शिडाच्या बोटी) आहेत, त्यात चार-पाच वेगवेगळी डिझाइन्स, बहुतेक कारखान्यातून आलेल्या पण दोन घरी बांधलेल्या, काहींना स्पिनेकर (वारा मागून असताना लावायचं मोठं फुगरं शीड) आहे काहींना नाही, आणि सगळ्यांना एकत्र रेस करायचीय पण निकाल लागला की कुणीतरी नाराज होतंच, तर फेअर क्लास रूल, म्हणजे एका गटातल्या बोटींचे नियम, कसे लिहायचे. मी वीसेक वर्षं मेझरर म्हणून बोटी मोजतोय, त्याआधी स्वतः रेस करायचो, आणि नियम लिहिणाऱ्या दोन कमिट्यांवर बसलोय. उत्तर लांब होणार आहे कारण थोडक्यात सांगण्यासारखा हा विषय नाहीच.

सगळ्यात आधी नियमाच्या कागदाला हात लावायच्या आधी एक गोष्ट सगळ्यांनी बसून ठरवा, की या रेसमध्ये तुम्हाला नक्की काय तपासायचंय. माणूस तपासायचाय की बोट? माणूस तपासायचा असेल तर बोटी जितक्या सारख्या तितकं चांगलं. बोट तपासायची असेल, म्हणजे कुणाचं डिझाइन भारी, तर बोटींना मोकळीक द्यावीच लागते. बहुतेक ठिकाणी भांडणं होतात ती यामुळेच, अर्धे लोक एक समजून आलेले असतात अर्धे दुसरं, आणि नियमात दोन्हीची खिचडी झालेली असते. घरी बोट बांधणाऱ्याला वाटतं मी सहा महिने डोकं लावून हल बारीक केला त्याचं फळ मिळायला हवं, आणि दुसऱ्याला वाटतं ह्याची बोटच वेगळी आहे मग माझ्या सेलिंगला अर्थ काय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

हे भांडण नवीन नाही हो. १८७६ मध्ये न्यूयॉर्कला नॅथॅनिएल हेरेशॉफ नावाच्या डिझायनरने अ‍ॅमरिलिस नावाची कॅटामरान रेसला आणली, मोठमोठ्या एकहली बोटींना मागे टाकलं, आणि लगेच तक्रारी होऊन बोट बाद झाली. आणि ११२ वर्षांनी, १९८८ च्या अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या स्पर्धेला, न्यूझीलंडने ९० फूट वॉटरलाइनची (म्हणजे पाण्याला टेकणाऱ्या लांबीची) प्रचंड एकहली बोट आणली तर अमेरिकन लोकांनी समोर ६० फुटी कॅटामरान उभी केली, कारण कपच्या मूळ दस्तऐवजात बोटीला हल किती असावेत हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. सॅन दिएगोला रेस २-० ने संपली आणि मग कोर्टात दीड वर्ष चालली, कप आधी न्यूझीलंडला दिला गेला, मग अपिलात परत अमेरिकेकडे आला. म्हणजे बघा, एक आकडा लिहायचा राहिला तर काय होतं. म्हणून मी नेहमी सांगतो, जे सगळ्यांना ‘त्यात काय लिहायचं, माहीतच आहे’ असं वाटतं ते पहिल्या पानावर लिहा.

आता रस्ते तीन आहेत. पहिला वन-डिझाइन, म्हणजे सगळ्यांची बोट एकच, हॉबी १६ सारखी किंवा ऑलिम्पिकमधल्या नाक्रा १७ सारखी, तिथे बदल करायलाच बंदी. दुसरा बॉक्स रूल, म्हणजे लांबी-रुंदी-वजन-शीड यांच्या मर्यादा ठरवायच्या आणि त्या चौकटीत कुणीही कसंही डिझाइन करावं. तिसरा रेटिंग, म्हणजे बोट आहे तशी आणा, आम्ही तिला एक आकडा देतो आणि वेळ त्या आकड्याने भागतो. तुमच्याकडे आज ज्या बोटी आहेत त्यांना वन-डिझाइन शक्यच नाही, बॉक्स लावला तर निम्म्या बाहेर पडतील, म्हणून आजच्यासाठी रेटिंग आणि पुढे ज्यांना नवीन बोट घ्यायचीय त्यांच्यासाठी बॉक्स, असा माझा सल्ला. पण रेटिंग असलं तरी क्लास रूल लागतातच, कारण रेटिंगमध्ये जे आकडे भरायचे ते कसे मोजायचे आणि नंतर बदलले तर काय, हे रूलमध्येच येतं.

कॅटामरान वेगात जाते कशाने ते जरा समजून घ्या म्हणजे काय बांधायचं आणि काय मोकळं सोडायचं ते आपोआप कळेल. हल इतके बारीक असतात की एकहली बोटीसारखी स्वतःच्या लाटेत अडकून पडत नाही, त्यामुळे वेग ठरतो तो मुख्यतः शिडाची ताकद किती आणि ती ताकद पेलायला बोट किती सरळ उभी राहू शकते यावर. सरळ उभं राहणं म्हणजे रायटिंग मोमेंट. साधारण एफ-१८ (दोघांनी चालवायची, बॉक्स रूलवाली कॅटामरान) सारखी बोट घ्या, वजन १८० किलो, रुंदी २.६० मीटर. वाऱ्याकडचा हल नुकताच पाण्याबाहेर आलाय, सगळा भार खालच्या हलवर. बोटीचं वजन त्या हलपासून साधारण १.१ मीटरवर, म्हणजे १८० गुणिले १.१, जवळपास १९८. आणि ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीच्या तारेला बोटीबाहेर, लटकलेली १५० किलोची जोडी साधारण ३.३ मीटरवर, म्हणजे ४९५. बघितलंत, सत्तर टक्के ताकद माणसांकडून येतेय. क्रूचा एक किलो हा बोटीच्या तीन किलोंइतका काम करतो. त्यामुळे बोटीच्या वजनावर तासभर भांडायचं आणि क्रूच्या वजनाबद्दल एक ओळही लिहायची नाही, ह्याला मी फेअर म्हणणार नाही.

एफ-१८ वाल्यांनी ह्याचं जे उत्तर काढलं ते मला अजूनही सगळ्यात समजूतदार वाटतं. जड जोडीने मोठी जिब (पुढचं शीड) आणि मोठा स्पिनेकर वापरायचा, ४.१५ आणि २१ चौरस मीटर, हलक्या जोडीने छोटा सेट, ३.४५ आणि १९ चौरस मीटर, आणि फारच हलके असाल तर बोटीवर वजन घेऊन जायचं. म्हणजे नवराबायको, बापलेक, दोन पोरं, कुणीही त्याच रेसमध्ये त्याच आशेने उतरू शकतं. हॉबी १६ मध्ये सोपं ठेवलंय, क्रूचं किमान वजन १२९.३ किलो, कमी पडलं तर भरून काढा. तुमच्याकडे रेटिंग असल्यामुळे तुम्ही तिसरं काही करू शकता, क्रूचं वजन दोन-तीन गटांत धरून रेटिंग थोडं बदलायचं, पण हलक्या वाऱ्यात हलकी जोडी उलट फायद्यात असते हे लक्षात ठेवा, म्हणून फार मोठी सूट देऊ नका.

रेटिंगचं गणित लोकांना जादू वाटतं पण तसं काही नाही. नेदरलँड्समध्ये टेक्सेल बेटाला वळसा घालणारी मोठी कॅटामरान रेस १९७८ पासून आहे, शेकडो वेगवेगळ्या बोटी एकत्र, त्यातून टेक्सेल रेटिंग आलं, आणि त्याच घराण्यातलं एससीएचआरएस आज जगभर लहान कॅटामरानना वापरतात. मूळ सूत्राचा गाभा असा की लांबीचा ०.३ घात गुणिले शीडक्षेत्राचा ०.४ घात, भागिले वजनाचा ०.३२५ घात. हा झाला वेगाचा अंदाज, रेटिंग याच्या उलट असतं, म्हणजे वेगवान बोटीचं छोटं आणि संथ बोटीचं मोठं. घात एकापेक्षा कमी आहेत म्हणजे दुप्पट शीड लावलं म्हणून दुप्पट वेग धरत नाहीत. हिशोब करून बघा, शीड १० टक्के वाढवलं तर वेग साधारण ३.९ टक्के जास्त धरला जातो, लांबी १० टक्के वाढली तर २.९ टक्के, आणि वजन १० टक्के वाढलं तर ३.१ टक्के कमी. इथे वजन म्हणजे क्रू धरून, दोघांना १५० किलो असं गृहीत. आता बोट आणि क्रू मिळून ३३० किलो असताना काट्यात १० किलोची चूक झाली तर रेटिंग जवळपास एक टक्का चुकतं, म्हणजे तासाभराच्या रेसमध्ये ३५ सेकंद! तुमच्या रेसचा निकाल किती वेळा ३५ सेकंदांच्या आत लागतो ते आठवा, म्हणजे वजनकाटा का महत्त्वाचा ते कळेल.

वेळेचा हिशोबही सोपा आहे. रेटिंग १.०० असलेली बोट ६० मिनिटांत आली, रेटिंग १.१२ असलेली संथ बोट ६७ मिनिटांत आली, ६७ भागिले १.१२ म्हणजे ५९ मिनिटं ४९ सेकंद, संथ बोट ११ सेकंदांनी जिंकली. हे प्रत्येक खलाशाला किनाऱ्यावर स्वतः करता आलं पाहिजे. ज्या नियमाचा हिशोब फक्त एका माणसाला येतो त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, मग तो माणूस कितीही प्रामाणिक असो.

दुसरी पद्धत म्हणजे पोर्ट्समथ यार्डस्टिकसारखी, तिथे टेप लावत नाहीत, झालेल्या रेसच्या निकालांवरून त्या प्रकारच्या बोटीचा आकडा ठरतो. ती चांगली आहे पण तिला पुष्कळ रेस आणि एकाच प्रकारच्या पुष्कळ बोटी लागतात. तुमच्याकडे एका डिझाइनच्या दोन-तीन बोटी, त्यातली एक तुमचा सगळ्यात चांगला खलाशी चालवतो, तर तो आकडा बोटीचा नाही त्या माणसाचा येणार. आणि मग सुरू होतं की अमुक सारखा जिंकतो, त्याचं रेटिंग खाली ओढा. हे कृपा करून करू नका. रेटिंग बोटीला असतं, माणसाला नाही. जो रोज पहाटे उठून प्रॅक्टिस करतो त्याच्याकडून तुम्ही त्याची प्रॅक्टिसच काढून घेताय.

रेटिंगची खरी कमजोरी कुठे आहे ते पण सांगतो, म्हणजे नंतर फसवलं असं वाटायला नको. एकच आकडा सगळ्या वाऱ्यांना आणि सगळ्या कोर्सना लावला जातो. हलक्या वाऱ्यात पाण्याला घासणारा पृष्ठभाग जास्त असलेली जड बोट चिकटून बसते, मध्यम वाऱ्यात स्पिनेकरवाली वारा मागून असताना सुसाट सुटते, आणि जोराच्या वाऱ्यात तीच स्पिनेकरवाली कधी कधी शीड वर काढूही शकत नाही. डॅगरबोर्ड (हलमधून पाण्यात खाली घालायची पाटी) नसलेली बोट, हॉबी १६ सारखी, वाऱ्याविरुद्ध तितकी वर चढत नाही पण आडव्या वाऱ्यात मस्त पळते. म्हणजे तुम्ही कायम सरळ वर-खाली, म्हणजे वाऱ्याविरुद्ध वर आणि वाऱ्यासोबत खाली, असा कोर्स लावलात तर न कळत बोर्ड आणि स्पिनेकर असलेल्यांना झुकतं माप देताय. अमेरिकन पोर्ट्समथमध्ये वाऱ्याच्या जोरानुसार वेगवेगळे आकडे आहेत ते यासाठीच. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही, फक्त सीरिजमध्ये कोर्स बदलते ठेवा, काही वर-खाली, काही त्रिकोणी, एखादी लांब पल्ल्याची, आणि हे प्रमाण सीझनच्या आधी लिहून जाहीर करा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी रेटिंगने नाही, कोर्सने मिटल्यात.

आता पुढच्या बॉक्स रूलचं. इथे पहिलं वाक्य ठरवा, क्लास ओपन की क्लोज्ड. ओपन म्हणजे जे मना केलेलं नाही ते चालतं, क्लोज्ड म्हणजे जे परवानगीत नाही ते चालत नाही. मी कितीतरी नियम वाचलेत ज्यात हे वाक्यच नाही आणि मग प्रत्येक नव्या कल्पनेवर वाद. नंतर लांबी, रुंदी, वजन, शीड. ए-क्लासचं (एकट्याने चालवायची कॅटामरान) बघा, ५.४९ मीटर लांब, २.३० रुंद, किमान ७५ किलो, आणि मास्ट (डोलकाठी) धरून १३.९४ चौरस मीटर शीड, एवढ्या चार आकड्यांवर तो क्लास उभा आहे आणि सतत सुधारतोय. मास्ट धरून हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण फिरणारा जाड मास्ट हा पंखच असतो, तो मोजला नाहीत तर लोक शीड मास्टमध्ये लपवतील.

पण त्याच ए-क्लासमध्ये एक मोठा धडाही आहे. बोटी फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, उचलल्या जाऊन पाण्यावर उडू नयेत म्हणून त्यांनी नियम केला की बोर्ड वरूनच आत घालता आले पाहिजेत आणि दोन्ही बोर्डांच्या खालच्या टोकांत किमान १.५ मीटर अंतर हवं. त्यांना वाटलं झालं. डिझायनर लोकांनी त्याच मर्यादेत बसणारे वाकडे, झेड आकाराचे बोर्ड काढले आणि बोटी उडायला लागल्याच. शेवटी क्लासने ओपन आणि क्लासिक असे दोन भाग केले. अमेरिकाज कपच्या ७२ फुटी कॅटामरानचंही तेच, नियम उडायला अनुकूल नव्हता तरी न्यूझीलंडच्या टीमने २०१२ मध्ये बोट उडवून दाखवली. यातून मी काय शिकलो तर, एखादी गोष्ट नको असेल तर तिच्या आजूबाजूची मापं बांधत बसू नका, तीच गोष्ट सरळ शब्दांत मना करा. ‘हल उचलायला मदत करणारे फॉइल चालणार नाहीत, बोर्ड सरळ आणि उभ्या पातळीत असावेत, रडरला (सुकाणूला) आडवे पंख नसावेत’ असं लिहा. मापांमधून पळवाट निघते, सरळ वाक्यातून सहसा निघत नाही.

वजनाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे मी स्वतः चुकलोय. एका स्पर्धेत मी सकाळी बोटी मोजल्या, रात्री पाऊस पडून गेला होता, एका बोटीच्या ट्रॅम्पोलीनचं (दोन हलमध्ये ताणलेलं, बसायचं) कापड आणि दोऱ्या ओल्या होत्या, एका हलमध्ये थोडं पाणी होतं आणि ते मी बघितलंच नाही. बोट वजनात पास झाली. दुसऱ्या दिवशी एकाने परत मोजायची मागणी केली, कोरडी मोजली तर कमी भरली, आणि त्या बिचाऱ्या पोरांना माझ्या चुकीमुळे आदल्या दिवसाच्या रेस गमवाव्या लागल्या. तेव्हापासून माझा नियम, बोट कोरडी, हलची झाकणं उघडून आत हात फिरवायचा, काटा आधी माहीत असलेल्या वजनाने तपासायचा, आणि वजनात काय काय धरलंय ते सर्टिफिकेटवर एकेक लिहायचं. शीड धरलंय का, स्पिनेकरचा पोल धरलाय का, दोऱ्या धरल्यात का. ‘रेसला तयार बोट’ एवढं लिहून भागत नाही.

कमी वजनाच्या बोटीत शिसं लावायचं तर ते कुठे, हेही लिहा. टोकं हलकी आणि मध्ये शिसं अशी बोट लाटांवर कमी डुचमळते आणि तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या बोटीपेक्षा पुढे जाते. फिन या एकट्याने चालवायच्या एकहली बोटीच्या क्लासमध्ये यासाठी बोट टांगून झोका देऊन मोजायची लँबोली टेस्ट आहे, पण तुम्हाला तेवढं कशाला. अर्धं वजन दोन हल जोडणाऱ्या पुढच्या बीमला, अर्धं मागच्या बीमला, पक्कं बोल्ट करून, दिसेल असं, बस.

कार्बन फायबरचं म्हणाल तर मी स्पष्ट सांगतो, हल आणि मास्टमध्ये सुरुवातीला बंदी घाला. एफ-१८ ने काचतंतूचे हल आणि अ‍ॅल्युमिनियमचा मास्ट ठेवून खर्च आटोक्यात ठेवला म्हणून तिथे इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटी आल्या आणि एकमेकांशी खऱ्या अर्थाने लढल्या. वर टोकाला मास्ट दोन किलोने हलका झाला तर त्याचा फायदा खाली वीस किलो कमी केल्यासारखा वाटू शकतो. शिडांना मात्र कापडाची फार बंधनं घालू नका, क्षेत्रफळ मोजा आणि सीझनला किती नवीन शिडं चालतील ते ठरवा. स्पिनेकरची मधली रुंदी तळाच्या रुंदीच्या किमान ७५ टक्के हवी हे विसरू नका, नाहीतर कुणीतरी स्पिनेकरच्या नावाखाली मोठी जिबच लावून वाऱ्याकडे जाईल.

घरी बांधलेल्या त्या दोन बोटींचा प्रश्न नाजूक आहे. त्यांना बाहेर काढू नका, ती माणसं तुमच्या खेळाचा जीव आहेत. रेटिंगमध्ये त्या व्यवस्थित बसतात, फक्त मोजणी पूर्ण हवी, मालकाने सांगितलेला आकडा नाही. नियमाच्या तारखेआधीच्या बोटींना आहे त्या स्थितीत मान्यता द्या पण त्यात ‘पुढे बदल केला तर परत मोजणी’ हे लिहा, कारण जुन्या बोटीची सवलत नवीन मास्टला लागू होता कामा नये. आणि छोट्या उल्लंघनाकडे ओळखीचा आहे म्हणून डोळेझाक करू नका. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं हो, काळ सोकावतो.

नियम बदलायची पद्धत पण पहिल्याच दिवशी लिहा. कोण बदल सुचवू शकतं, किती मतं लागतात, कधीपासून लागू. माझ्या मते दोनतृतीयांश बोटमालक, आणि बदल पुढच्या सीझनपासूनच, चालू सीझनमध्ये कधीही नाही, सुरक्षेचा विषय सोडून. बदलाचा परिणाम फक्त वेगावर होत नाही हेही लक्षात घ्या. टॉर्नेडो या कॅटामरानच्या क्लासमध्ये २००० च्या ऑलिम्पिकनंतर स्पिनेकर आणि दुसरा ट्रॅपीझ आला, तर बोट वेगळीच झाली, ती चालवायला लागणारी ताकद आणि कौशल्य बदललं, ज्यांनी वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीने तयारी केली होती त्यांना नव्याने शिकावं लागलं. तो बदल चांगला होता असं मी मानतो, पण तो आधी सांगून, वेळ देऊन झाला म्हणून पचला.

मोजणीच्या पहिल्या दिवशी सगळ्या मालकांना बोलवा. एकाने टेप धरायची, दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने लिहायचं, आणि कुणीही स्वतःच्या बोटीला टेप लावायची नाही, शेजाऱ्याच्या बोटीला लावायची. पंधरा बोटींना एक पूर्ण दिवस जाईल, घाई करू नका. आकडे सगळ्यांसमोर फळ्यावर लिहा आणि तिथेच हरकती ऐका, परत मोजायला लावलं तर परत मोजा. रेटिंग संध्याकाळी काढा, पहिली रेस त्यानंतरच्या आठवड्यात ठेवा.